बुटक्या गाडीचं उंच गिऱ्हाईक

दिल्लीतल्या मराठी घरांना एक खोड असते. दुकानात हिंदीत भाव विचारायचा आणि दुकानदारासमोरच मराठीत त्याच्या मालाची चिरफाड करायची. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत नागपूरहून इथे आले तेव्हापासून आमच्याकडे हे चालत आलं आहे. आई साडीवाल्यासमोर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणायची, "उठायचं नाटक कर, लगेच भाव उतरेल." आणि तो उतरायचा. आम्हा भावंडांना अभ्यासापेक्षा ही विद्या आधी आली. इतक्या वर्षांत एकदाही पकडले गेलो नाही, म्हणून कधी पकडले जाऊ असं वाटलंच नाही.

दुसरी गोष्ट माझ्या उंचीची. मी सहा फूट तीन इंच आहे. शाळेत मला ऊँट म्हणायचे. अनोळखी माणसंही हसून विचारायची, "ऊपर का मौसम कैसा है?" लग्नात हार घालताना बायकोला पाटावर उभं केलं होतं, तो फोटो सासरी अजून दाखवून हसतात. उंचीवरून कोणी बोललं तर आजही मला लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्याला अजाणतेपणाची सबब नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी मला स्पोर्ट बाइक घ्यायची हुक्की आली. नवी परवडण्यातली नव्हती. जुनीची जाहिरात दिसली, लाल रंग, फार न चाललेली, आणि खाली 'लोअर्ड' असा एक शब्द. तो मला कळला नाही आणि मी विचारलाही नाही. सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला तर मालकाच्या नावाच्या जागी नुसत्या चांदण्या. गाडीवर ना कर्ज ना चलान. रविवारी सकाळी मयूर विहारहून मेट्रोत बसलो आणि तासाभराहून जास्त वेळाने द्वारकाला उतरलो. बायको सोबत होती. मी लाल रंग पाहून भाळतो, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे.

सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीजवळ एक गृहस्थ उभे होते. साठी ओलांडलेली, शर्टाला कडक इस्त्री, बूट चकचकीत. फौजेतून रिटायर झालोय, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. गाडी आधीच लख्ख पुसलेली होती तरी हातातल्या फडक्याने ते आरसा पुसत होते.

मी गाडीवर बसलो. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकले आणि गुडघे पार कोपरांपर्यंत आले. लहान मुलाच्या तीनचाकी सायकलवर बसल्यासारखं झालं. बायको फिसकन हसली. मला राग आला, गाडीचा की तिचा की स्वतःचा, आता आठवत नाही. चेहरा गंभीर ठेवून मी मराठीत म्हणालो, "कुठल्या बुटबैंगणाची गाडी आहे ही?"

"हळू," बायको म्हणाली, "बैंगण कळेल त्याला."

त्यांनी हिंदीतच सांगितलं, "बेटी की है, सर. कद थोड़ा कम है उसका. पैर नहीं पहुँचते थे, तो नीचे करवा ली. अब बेंगलुरु में नौकरी लग गई है."

"मुलीची म्हणे," बायको मला मराठीत म्हणाली. "गाडी आपटली असेल कुठेतरी, म्हणून पुढून बसलीय. म्हातारा बेमालूम थापा मारतोय."

आणि मी, आईचा तयार केलेला चेला, म्हणालो, "असू दे मुलीची. पाय पुरत नाहीत तर मुकाट्याने स्कूटी घ्यावी. एवढीशी पोर आणि हौस केवढी. दाबू जरा, त्याला घाई दिसतेय."

आरसा पुसणारा हात थांबला. क्षणभरच. मग पुन्हा फिरायला लागला. ते मी पाहिलं होतं, हे मला नाकारता येत नाही.

ते म्हणाले, "उन्हातून आलात, पाणी आणतो." नाही, चुकलं. असं मला नंतर ऐकू यायला लागलं, मनात. खरं ते असं म्हणाले, "धूप में आए हैं, पानी लाता हूँ." वर जाऊन ते तांब्या, दोन पेले आणि बशीत गुळाचे खडे घेऊन आले. बिहारकडचे असतील, मला वाटलं, तिकडेही देतात. बायको गूळ तोंडात टाकून म्हणाली, "चहासुद्धा नाही. चिकट दिसतोय."

मी भाव पाडायला सुरुवात केली तर त्यांनी घासाघीस केलीच नाही. "आप जो ठीक समझें, सर," एवढंच म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमची विद्या पुन्हा फळाला आली होती. त्यांनी पाकिटात कागद दिले आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा मागच्या सीटला स्वतः दोरीने बांधला. "पुराना सामान है. आपके कद पर यही लगेगा," ते म्हणाले. बायको मेट्रोने गेली, मी गाडीवरून.

तो प्रवास माझ्या लायकीचा झाला. मांड्यांत गोळे आले. प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासायचं. एका सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली आणि म्हणाला, "भाई साहब, बच्चे की उठा लाए क्या?" त्याला मी मनातल्या मनात मराठीत शिवी दिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून गाडी गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने ती उलटसुलट तपासली आणि म्हणाला, "एकदम सीधी है, कहीं गिरी नहीं." मग डबा उघडला. प्रत्येक भाग तेल लावून फडक्यात गुंडाळलेला, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मिस्त्रीने एक चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, मग माझ्यापुढे धरली. "ये तो आपकी वाली है ना? मराठी? आप ही पढ़ो."

सुबक, उभं अक्षर होतं. 'मागच्या शॉकअपचे मूळ लिंक. आखूड आहेत तेच बरोबर.' दुसरी: 'पुढचे पाइप दोन बोटं वर सरकवले आहेत. तेवढेच खाली घेणे.' तिसरी साइड स्टँडला होती: 'मूळ स्टँड. आमच्या बाईसाहेबांची उंची वाढली तर लावणे.' आणि त्याखाली निळ्या पेनाने, वेगळ्या, घाईच्या अक्षरात: 'उंची वाढणार नाही, बाबा. वाकली ती गाडी.'

मी मिस्त्रीच्या स्टुलावर बसलो. खिशातलं कागदांचं पाकीट काढून आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, पाहिलं. मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आमच्याकडच्या कुठल्याही गावात चार घरं सापडतील असं आडनाव. काल पाकीट न उघडताच खिशात घातलं होतं.

म्हणजे बुटबैंगण कळलं होतं. थापा मारतोय, दाबू जरा, एवढीशी पोर, चिकट, सगळं कळलं होतं. तिच्या उंचीची थट्टा त्यांनीही केली होती, पण ती चिठ्ठीवर, तिला दिसेल अशी, आणि तिने उलट उत्तर द्यावं म्हणून. मी केली ती बापाच्या तोंडावर, त्याला कळणार नाही या भरवशावर. मला ऊँट म्हणणारी पोरं निदान मला कळेल अशा भाषेत म्हणायची. मिस्त्री पाना घेऊन "क्या लिखा है?" विचारत राहिला आणि मी ती चिठ्ठी खिशात घातली. लाज वाटली म्हणजे काय, कान गरम झाले आणि तिथून उठून पळावंसं वाटलं.

घरी स्टँडची चिठ्ठी बायकोला दिली. तिने ती दोनदा वाचली. मग म्हणाली, "गूळ-पाणी दिलं त्यांनी. माझ्या माहेरी अजून देतात. मला कळायला हवं होतं."

आरसी माझ्या नावावर करायची तर ओटीपी जुन्या मालकाच्या फोनवर जातो. फोन करणं भागच होतं. "मराठीत बोल आणि माफी माग," बायको म्हणाली. मी चार वाक्यं मनात जुळवली. पलीकडून "हॅलो" आलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नमस्ते अंकल, वो ओटीपी..." मुलीने नोंदणीत नंबर वडिलांचाच दिला होता. त्यांनी सहा आकडे शांतपणे हिंदीत सांगितले, दोनदा. मग विचारलं, "गाड़ी ऊँची हो गई?"

"हाँ जी."

"तो डिब्बे में स्टँड की एक पर्ची होगी. गलती से चली गई. बेटी माँग रही है. लौटा दीजिएगा."

पुढच्या रविवारी एकटाच गेलो. उंच केलेली गाडी मला छान बसत होती, गुडघे जागेवर, पाठ जागेवर, आणि त्यात मला काडीचं सुख लागलं नाही. ते तळघरातच उभे होते, तसाच इस्त्रीचा शर्ट. मी हेल्मेट काढलं.

"काका," मी म्हणालो, "चुकलं आमचं. त्या दिवशी जे बोललो ते..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"कोई बात नहीं, सर," ते म्हणाले. "पर्ची लाए?"

मी खूप वाट पाहिली, निदान मला तरी तेवढी वाटली, की आता ते मराठीत एखादा शब्द बोलतील. बोलले नाहीत. ती भाषा त्यांची घरातली होती, आणि मी तिच्यात काय करतो ते त्यांनी ऐकलं होतं. मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती घडी न पाडता चष्म्याच्या डबीत ठेवली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव पाहिलं आणि चेहरा एकदम बदलला.

"हो गं, आत्ताच आणून दिली," ते मराठीत म्हणाले. माझ्या आईच्या मराठीसारखी मराठी. "हो, डबीत ठेवलीय. ...गाडी ना? समोरच उभी आहे, उंच केलीय त्यांनी. शोभते."

पलीकडून ती काहीतरी विचारत होती. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज मात्र जपून विचारल्यासारखा होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पाठ वळवली.

"नाही गं," ते म्हणाले. "कोणी हसलं नाही."