गाड्यांचे पडदे शिवणारे सदूअण्णा

सदूअण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा मी प्रेसमध्ये उभी होते. पत्रकांचा गठ्ठा हातात, शाई अजून ओली. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या हार्डवेअरवाल्या शिवप्पांचा फोन आला. "सदूअण्णा होगिबिट्रु," ते म्हणाले, "पहाटे गेले." मी विचारलं, कशानं? अपघात झाला का? शिवप्पा हळूच म्हणाले, "म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं?"

नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक दुकानदाराला माहीत होतं, समोरच्या चहावाल्याला माहीत होतं, मला नव्हतं. त्याला आता पाच आठवडे होत आले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी अण्णांच्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा आधी नाहीच म्हटलं. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे आणि मला अण्णांचा राग आहे. तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

माझे वडील सरकारी ड्रायव्हर. त्यांच्या साहेबांची पांढरी अँबॅसॅडर दर वर्षी नवे पडदे शिवायला सदूअण्णांच्या दुकानी जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही पुढच्या सीटवर. दुकान कसलं, दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. पण छतापासून जमिनीपर्यंत काय काय लटकलेलं असायचं! आतमध्ये प्लास्टिकचं गुलाबाचं फूल असलेल्या गियरच्या काचेच्या मुठी, लाकडी मण्यांच्या सीटा, डॅशबोर्डवर बसवायचे तळहाताएवढे पंखे, मागच्या काचेपाशी मान हलवत बसणारा कुत्रा, बॉनेटवर झेंडा लावायची चकचकीत दांडी, गाडी मागे घेताना भजन वाजवणारा हॉर्न. आज गाडी शोरूममधून येते तीच सगळं घेऊन. तिच्यात हाताने काही घालायला जागाच ठेवलेली नसते. तेव्हा गाडी घेतल्यावर माणूस अण्णांकडे यायचा आणि मग ती गाडी त्याची व्हायची.

पडदे ही अण्णांची खासियत. खिडकीला वर आणि खाली स्प्रिंगची तार, दोन्ही तारांत ओवलेला चुण्यांचा पडदा, म्हणजे गाडी कितीही पळाली तरी कापड फडफडत नाही. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नाही. काचेवर वीत ठेवायची, ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि वर्तमानपत्राचा कागद कापायचा. तोच नमुना. एकदा साहेबांच्या पडद्यांतून हातभर कापड उरलं. अण्णांनी त्याची छोटी उशी शिवली, आत कापूस ठासला आणि ड्रायव्हरच्या सीटला बांधून टाकली. वडील घाबरले. म्हणाले, "अण्णा, साहेब विचारतील." अण्णा सुई दातांत धरून म्हणाले, "विचारू देत की. मागं बसणाऱ्याला पडदा पाहिजे, उशी पाहिजे, टॉवेल पाहिजे. आणि चालवणाऱ्याची कंबर काय लोखंडाची आहे?" मी पुढे सभांतून, शिबिरांतून बरंच काही ऐकलं. पण कष्टाचा हिशोब कुठून मांडायचा हे मला त्या उशीनं आधीच सांगून ठेवलं होतं.

मी चळवळीची पत्रकं वाटायला लागले तेव्हा पहिलं पत्रक हातात घेऊन उलटसुलट बघणारे अण्णाच. "एनव्वा पोरी, एवढं रागानं लिहितीस, जेवतीस का नाही?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पडदे तोवर बंद पडले होते. काचा झाकायला मनाई आली, मण्यांच्या सीटा म्हाताऱ्यांपुरत्या उरल्या. अण्णा रिक्षांच्या सीटा शिवून दिवस काढत होते, पण भिंतीवरचा माल उतरवत नव्हते. बाहेरगावचे शौकीन येऊन हे विका, ते विका म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "गाडी घेऊन ये, बसवून देतो. नुसतं नेऊन भिंतीला लावणार असशील तर माझी भिंत काय वाईट आहे?"

मग रस्ता रुंद करायचं निघालं. सोळा दुकानं जाणार होती, बदल्यात गावाबाहेर कुठेतरी गाळे. आम्ही समिती केली आणि अण्णा पहिल्या दिवशी धरण्याच्या मांडवात येऊन बसले. त्यांचा फोटो मी पत्रकावर घेतला. हातात क्रोमची व्हील कॅप, मागे तो सगळा लटकलेला संसार. त्या फोटोने लोक थांबायला लागले. ज्यांच्या घरी कधीकाळी गाडी होती ते सह्या करून जायचे, ज्यांच्याकडे कधीच नव्हती तेही. संध्याकाळी मी रिक्षाला भोंगा लावून गल्लोगल्ली फिरायचे, जुन्या हुबळीतल्या अण्णांच्या घरावरूनही. त्या दिवसांत ते वाळत चालले होते. विचारलं तर म्हणायचे, "दात काढलेत गं. कवळी येईपर्यंत जेवण जात नाही." मी विश्वास ठेवला. दुसऱ्यांची दुखणी मोठ्याने सांगत फिरणारी मी… मला समोरचं तोंड वाचता आलं नाही.

आणि एका सकाळी शिवप्पा म्हणाले, दुकानं सोडायच्या संमतीची यादी कचेरीत लागली आहे, पहिली सही तुझ्या अण्णांची.

मी तशीच दुकानात गेले. अण्णा रिक्षाच्या सीटला दोरा भरत होते.

"अण्णा, सही केलात?"

"केलो."

"का?"

"कंटाळा आला गं."

"पंधरा दुकानं तुमच्याकडे बघून बसलीत. आणि तुम्हाला कंटाळा आला?"

"चहा घे की आधी."

चहा तसाच ठेवून मी निघाले. त्याच दिवशी पत्रक लिहिलं. नाव घातलं नाही, पण 'ज्या हातांनी साहेबांचे पडदे शिवले त्याच हातांनी गल्ली विकली' असं लिहिलं आणि खाली 'फितूर' हा शब्द. हुबळीत कुणाला नाव विचारायची गरज पडली नाही. आठवड्याभरात आणखी चार सह्या झाल्या आणि समिती मोडली. उरलेल्या दुकानांसाठी मी एकटीच रिक्षा आणि भोंगा घेऊन रोज फिरत राहिले. मी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. अण्णांनीही निरोप पाठवला नाही. दीड महिना असा गेला, आणि मग तो प्रेसमधला फोन.

अण्णांच्या मातीहून परतताना मी शिवप्पांना रस्त्यातच धरलं. तुम्ही मला का नाही सांगितलं? शिवप्पा स्वतः त्यांना स्कूटरवर बसवून धारवाडला तपासण्यांना नेत होते. माझं पत्रक वाचून त्याच दिवशी माझ्याशी हसून बोललेही होते. "शपथ घातली होती त्यांनी," शिवप्पा म्हणाले. "म्हणाले, पोरगीला कळलं तर ती छापेल. आजारी म्हाताऱ्याला उठवताय म्हणून माझा फोटो चौकाचौकात लावेल. मला तसं मरायचं नाही."

खरं होतं ते. मी छापलं असतं. नक्की छापलं असतं, आणि त्यात मला काही गैरही वाटलं नसतं.

पण म्हणून राग गेला असं नाही. सोळाव्या दिवसानंतर अक्कांकडे गेले, अण्णांच्या बायकोकडे, तेव्हाही तो घेऊनच गेले. सहीचं त्यांनी सरळ सांगितलं. "आपण नसताना गाळ्यासाठी मी कागदांची पिशवी घेऊन कचेरीत उभी राहायची, ते नको होतं त्यांना. चालता येत होतं तोवर जाऊन करून आले." मी विचारलं, माझं पत्रक वाचलं का त्यांनी? अक्का म्हणाल्या, "वाचलं. खोटं कशाला सांगू, लागलं त्यांना. दोन दिवस माझ्याशीपण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मुद्दा बरोबर मांडली आहे, माणूस तेवढा चुकली."

हे सांगायला तेव्हा एक फोन केला असता तर! भांडले असते, रडले असते, पण पत्रक मागे घेतलं असतं. अण्णांनी मला चूक करू दिली आणि ती सुधारायची वेळ आपल्याबरोबर घेऊन गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही, हे मी अजून गिळू शकलेले नाही. आणि सही चुकीचीच होती. आजारी माणसाने केली म्हणून ती बरोबर होत नाही. पण सदूअण्णा फितूर नव्हते. हे मला ज्या गावात तो शब्द वाटला त्याच गावात छापून सांगायचं होतं, आणि आजाराचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. म्हणून आधी अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "छाप. पण दुखण्याचं नाव नको. आणि फोटो नको." म्हणून या लेखात दोन्ही नाहीत.

त्या दिवशी अक्कांनी मला आतली खोली दाखवली, अण्णा शेवटचे दिवस जिथे होते ती. खाट रस्त्याकडच्या खिडकीला लागून आणि खिडकीला वर-खाली तारांत ताणलेला करड्या चुण्यांचा पडदा. बसवेना तेव्हा पडल्या पडल्या हातानेच शिवला म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला आतलं दिसू नये म्हणून. "तुझी रिक्षा आली की बोटभर सरकवून बघायचे," अक्का म्हणाल्या. "म्हणायचे, हिचा आवाज बसलाय, गुळण्या करायला कुणी सांगा हिला."

पडदा अजून तिथेच आहे. आता माझ्याकडे भोंगा नाही, मी चालत जाते. मी खिडकीखाली आले की तो बोटभर सरकतो आणि अक्का आतून हाक मारतात, "बा की गं, वर ये." पलीकडे अक्का आहेत हे मला पक्कं माहीत असतं. तरीही दर वेळी पायरीपाशी थांबते… तेव्हाही तो एवढाच सरकत असणार, आणि मी तोंड पुढे करून ओरडत निघून जात होते.