वज्रकेतूची ज्येष्ठता यादी

आमचे भाऊजी, म्हणजे वैजयंतीताईचे यजमान सुधाकर देवतळे, राज्य सरकारच्या एका संचालनालयातून बाबू म्हणून रिटायर झाले. छत्तीस वर्षं आस्थापना शाखेत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या बढत्या, बदल्या आणि रजा लिहिल्या. असा माणूस निवृत्तीनंतर देवपूजेला लागतो, नाहीतर सोसायटीच्या सचिवाच्या मागे लागतो. भाऊजींनी तिसरंच केलं. कोटरा सुल्तानाबादच्या घरात बसून त्यांनी हिंदी कॉमिक्समधल्या वीरांची ज्येष्ठता यादी करायला घेतली.

कॉमिक्सचं वेड जुनंच. बिट्टन मार्केटात भाजीला पाठवलं की मेथीच्या जुडीबरोबर जुनी कॉमिक्स यायची, कधी कधी मेथी राहून जायची. त्यांचा लाडका वज्रकेतू. १९८६ सालचा, हातात पितळी कडं, एका ठोशात डोंगर फोडणारा. ही कॉमिक्सवाली मंडळी मधूनमधून दोन वीरांना एकाच अंकात आणून झुंजवतात आणि मग कोण भारी यावर वाचक हमरीतुमरीवर येतात. बाकीचे ताकद बघतात, वेग बघतात. भाऊजी सेवापुस्तिका बघत.

"त्याला उडता येतं," मी एकदा एका वीराची बाजू घेतली.

"तो प्रवासभत्त्याचा विषय, मिलिंद. लढाईशी काय संबंध?"

"बरं, तो मरून परत जिवंत झाला, त्याचं काय?"

"सेवेत खंड. मागची सगळी वर्षं गेली."

परग्रहावर जाऊन आलेल्याची तेवढी वर्षं बिनपगारी रजा. मुखवटा घालून दोन नावांनी हिंडणाऱ्याची चौकशी प्रस्तावित. यादीत वज्रकेतू पहिला, म्हणून जिंकणार वज्रकेतूच. मी दर रविवारी अवधपुरीहून स्कूटर हाणत जायचो ते ताईच्या हातच्या पोह्यांसाठी, आणि हे सगळं ऐकून डोकं उठवून घेऊन परत यायचो.

मग बंद पडलेली ती कॉमिक्स कंपनी पुन्हा सुरू झाली आणि पहिल्याच अंकात वज्रकेतू हरला. हरला तोही रातराजाकडून. हा १९९१चा, पाच वर्षांनी ज्युनिअर, अंगात शक्ती म्हणाल तर शून्य, हातात एक लाठी. भाऊजी दोन दिवस धड जेवले नाहीत. अंकभर लाल पेन्सिल फिरवून म्हणाले, "ज्युनिअरने सीनियरला पाडायचं म्हणजे प्रशासन संपलं. हा लेखक कोण गधा आहे तो समोर येऊ दे, कारणे दाखवा नोटीसच देतो."

पंचाईत अशी, की तो गधा आमच्या गौरीने पसंत केला होता.

गौरी माझी भाची. इंदूरच्या अद्वैतशी तिची दोन वर्षांची ओळख. लग्न पक्कं ठरलेलं, फक्त बाबांना सांगायचं बाकी. "मामा, बाबांनी नाही म्हटलं तर मी पळून जाणार नाही," ती मला म्हणाली, "पण मग दुसऱ्या कोणाशीही करणार नाही." आणि ही मुलगी बोलते तसं करते. आधी उज्जैनचं एक स्थळ आलं होतं. तो मुलगा "काका, ये तो बच्चों की किताबें हैं" एवढंच बोलला आणि त्याला चहा अर्धा टाकून बाहेर पडावं लागलं. म्हणून ताई, गौरी आणि मी, आम्ही तिघांनी कट केला. अद्वैतने सांगायचं की डिझाइनचं काम करतो, आणि मी गप्पा रस्त्याच्या खोदकामावर खिळवून ठेवायच्या.

रविवारी सकाळी अद्वैत आला, वाकून नमस्कार केला, पोहे घेतले. खोदकाम झकास चाललं होतं. तेवढ्यात त्याची नजर टेबलावरच्या अंकाकडे गेली.

"काका, किती बारकाईने वाचलंय तुम्ही! इतकं तर कोणीच वाचलं नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मीच लिहिलाय ना हा."

ताईने डोळे मिटून घेतले. मला असा राग आला! पंधरा मिनिटं खोटं रेटायला सांगितलं होतं, तेवढंही या पठ्ठ्याला जमेना. पण खरं सांगतो, त्याच क्षणी तो मला आवडूनही गेला.

भाऊजी उठले, आतून फाइल आणली, चष्मा लावला. "बसा," ते म्हणाले. 'तू'चं 'तुम्ही' झालं, म्हणजे चौकशी सुरू. "तुमचं म्हणणं काय?"

"काका, वज्रकेतू कमजोर नाहीच. चित्रांत मागे बघा ना. नदीला पूर आलाय, पुलावर दोन बस अडकल्यात, आणि त्याने डाव्या हाताने पूल धरून ठेवलाय. रातराजाला वाटतंय, हाच पूल पाडतोय. मतलब सगळी लढाई तो एका हाताने लढलाय. पूल सोडला असता तर रातराजा एका ठोशात गार."

भाऊजींनी भिंग काढलं. लढाईची चोवीस पानं पुन्हा पाहिली. डावा हात प्रत्येक चित्रात पुलाखाली होता. मारामारीच्या नादात तो ना त्यांनी पाहिला होता ना मी.

"मग मूर्खच म्हणायचा!" भाऊजी भडकले. "पूल हा बांधकाम खात्याचा विषय. याचं काय अडलं होतं? शेवटी नाव गेलं कोणाचं? ज्युनिअर वर चढला ना?"

इतक्या वर्षांत ताई या कॉमिक्सबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आता बोलली.

"आणि तुम्ही रीव्याला का नाही गेलात?"

नव्याण्णव साली भाऊजींची बढती झाली होती, बदलीवर, रीव्याला. त्यांनी ती लेखी नाकारली. नाकारली की ज्येष्ठता जाते, हा नियम त्यांनीच दुसऱ्यांना शंभरदा लिहून दिलेला. त्यांच्या हाताखालचा विश्वास नावाचा कारकून त्यांचा साहेब झाला आणि शेवटपर्यंत राहिला. माहेरी आम्ही त्यांना घरकोंबडा म्हणायचो. दहा जणांत हसून सांगणारा मीच.

"गौरी आठ महिन्यांची होती," ताई म्हणाली. "सारखी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, पोरीला इथून हलवू नका."

गौरी दारात उभी होती. "बाबा, मला कधी सांगितलं नाहीत."

"गोपनीय होतं," भाऊजी म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मला माझीच लाज वाटली. पोह्यांच्या बशीतून मान वर करवेना.

चष्मा पुन्हा लावून त्यांनी अद्वैतला विचारलं, "तो पूल... पडला का मग?"

"नाही, काका. दोन्ही बस पार झाल्या. शेवटच्या पानावर कोपऱ्यात आहे."

"मग हरला तर हरू दे," भाऊजी म्हणाले, आणि ताईला पंचांग आणायला सांगितलं.