लटारू कोतवालाचं मत

लटारू बोरटोल्याचा कोतवाल होता. गावात दवंडी द्यायची, तहसिलीचे कागद घरोघर पोचवायचे, साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या गाडीपुढं चालायचं आणि मालगुजाराच्या ओट्याखाली उभं राहून हुकूम ऐकायचा, एवढं त्याचं काम. दवंडीनं त्याचा आवाजच असा झाला होता की हळू बोललेलंही चार घरांत ऐकू जाई. म्हणून तो बहुधा बोलतच नसे.

गावाचा सारा गोळा करायची मालकी, म्हणजे मालगुजारी, कायद्यानं गेली त्याला काही वर्षं झाली होती. राजधानीही नागपूरहून मुंबईला गेली होती. पण गुणवंतराव मालगुजारांचा ओटा जागच्या जागी होता. त्या ओट्याची पायरी लटारूला चढायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही कधी चढून पाहिली नव्हती. त्याची झोपडी गुणवंतरावांच्या खळ्यामागं, त्यांच्याच जागेत होती. दिलेली नव्हती, राहू दिलेली होती.

सत्तावन साली निवडणूक आली. गुणवंतरावांचा पुतण्या विधानसभेला उभा राहिला. फेब्रुवारी संपत आला असताना एका सकाळी मशाखेत्री पटवाऱ्यानं लटारूला चावडीवर बोलावलं आणि शाईची डबी पुढं सरकवली.

"अंगठा दे."

"कायचा, साहेब?"

"तुही ड्युटी कोडेपारले लागली. पेट्या घेऊन जायच्या, राखायच्या, परत आनायच्या. कोडेपार पडते जंगलापल्याड, दुसऱ्या मतदारसंघात. तिथी तुले मत देता येत नाई, आन त्या दिशी इथी तू राह्यत नाईस. मंग टपालानं दे. अर्ज मी लिहिला आहे, तू फक्त अंगठा दे."

"टपालानं कसं देतेत?"

"पाकीट येते. आत छापील कागुद. ज्याले द्यायचं त्याच्या नावापुढं फुली मारायची."

"मले वाचता कुठी येते?"

"मंग तहसिलीच्या साहेबापाशी न्यायचं. साहेब इचारन, तू सांगशीन, तो फुली मारन."

लटारूनं पुढं केलेला अंगठा मागं घेतला. "म्हंजे सांगाच लागते?"

पटवारी हसला. "एकट्या साहेबाले सांगायचं गा! गावात दवंडी थोडी द्यायची आहे?"

"आन पेटीत टाकतो म्हनलं त?"

"कोडेपारहून येशीन कधी? हे पाह्य लटारू, टपालाचं मत पक्कं. जंगल नाई, ऊन नाई, रांग नाई. पेटीच्या भरवशावर राह्यलास आन पोचला नाईस, त मत गेलं. पन एक ध्यानात ठेव. अंगठा देला की इथल्या यादीत तुह्या नावापुढं खूण पडते. मंग पेटी तुले बंद. दोनातलं एकच. परवा सकाळी मी कागुद घेऊन ब्रह्मपुरीले निघतो, तवरिक सांग."

मशाखेत्री माणूस वाईट नव्हता. त्याला कोतवालाचं मत वाया जाऊ नये असंच वाटत होतं. म्हणूनच लटारूला त्याला नाही म्हणणं अवघड गेलं.

संध्याकाळी ओट्यावरून बोलावणं आलं. गुणवंतराव पान जुळवत बसले होते.

"टपालाचं मत आहे म्हने तुहं?"

"अजून अंगठा नाई देला, मालक."

"देऊन टाक. साहेब दौऱ्यावर येते तवा आपल्याकडंच उतरते. पाकीट आलं की इथीच घेऊन ये. इथीच बसून काम होऊन जाईन. तुले कुठी भटकाची गरज नाई." मग त्यांनी सतरंजीवर हात थोपटला. "काऊन खाली उभा? ये ना वर. बस."

आयुष्यात पहिल्यांदाच हे शब्द लटारूच्या कानावर पडले होते. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा काही उचलेना. तसाच, एक पाय वर आणि एक खाली, तो उभा राहिला.

"इचार करतो, मालक," तो म्हणाला.

पानाला चुना लावणारं बोट थांबलं. "यात इचार कायचा गा?"

घरी रुखमाबाई चुलीपुढं लाखोरीचं वरण घोटत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"द्याचा होता अंगठा! मालक खुश, साहेब खुश. एका फुलीनं तुह्या अंगाले काय भोकं पडतेत?"

"फुली माही नाई होत वो, रुखमा. मालक समोर बसून राह्यन आन साहेब इचारन, कोनाले. मी काय सांगन?"

"मालकाच्या पुतन्याले, आनखी काय!"

"तेच त."

"त त्याले द्याचं नाई का तुले?"

"द्याचं का नाई द्याचं, ते मले तिथी जाऊन ठरवाचं आहे. इथी ओट्याखाली नाई."

मागच्या निवडणुकीत दोघांनीही शाळेच्या खोलीत जाऊन मत दिलं होतं. पडद्याआड पेट्या मांडलेल्या, प्रत्येक पेटीवर चित्र. चित्र ओळखायचं, कागद त्या पेटीत सोडायचा. वाचायची गरज नाही, कुणाला विचारायची गरज नाही.

"तवा आत लय वेळ लावला होता तू," ती म्हणाली. "पोलीस खोकलला, तवा बाहीर आला. काय करत होता?"

"काई नाई. उभा होतो."

"उभा?"

"माह्या मांगं कोनीच नोतं, रुखमा. पुढंई कोनी नोतं. मले वाटलं, जरा राहू."

तिनं वरण उतरवलं. मग म्हणाली, "खळ्यामांगची जागा सोडा लागली त?"

"माईत नाई."

"मले माईत आहे. माह्या माहेरच्या गावी जाऊ, आन तिथी मी तुले रोज टोमने मारीन." तिनं पान वाढलं. "नको देऊ अंगठा."

लटारूनं अंगठा दिला नाही. "मत गेलं तुहं," म्हणून पटवारी हळहळला आणि त्यानं अर्ज फाडला. गुणवंतराव काहीच बोलले नाहीत. ओट्यावरून बोलावणंही आलं नाही, आणि लटारूला ते बोलावण्यापेक्षा जड गेलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी तो पेट्यांच्या गाडीबरोबर कोडेपारला पोचला. केंद्रावरचे मुख्य अधिकारी एक हेडमास्तर होते. जंगलात पहिल्यांदाच आलेले, पान हललं तरी दचकणारे. सकाळी लोक रांगेनं आले. बायकांना काय करायचं ते लटारू गोंडीत समजावून सांगत होता. उन्हं चढली तशी रांग सरली. कोडेपारची मतं ती किती! पण नियमाप्रमाणं पाच वाजेपर्यंत पेट्या उघड्या ठेवायच्याच होत्या.

लटारू हेडमास्तरांसमोर जाऊन उभा राहिला. "गुरुजी, मले सोडता का? माहं मत बोरटोल्याले आहे."

"तू टपालानं दिलं नाहीस?"

"नाई, गुरुजी."

"अरे, मग आता कसला जातोस! आणि इथं एखादी बाई आली आणि मला तिचं बोलणं कळलं नाही, तर?"

ओसरीत झिंगू बसला होता. कोडेपारचा म्हातारा गोंड शेतकरी. सकाळी सर्वांत आधी मत देऊन, गंमत पाहायला थांबलेला. तो म्हणाला, "मी सांगन ना गुरुजी बायायले. जाऊ द्या त्याले. मीनं टाकलं, मंग त्यानं काऊन नाई?"

हेडमास्तरांनी चष्मा पुसला, खिशातलं घड्याळ पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला. "उद्या सकाळी गाड्या निघतील तेव्हा तू इथं पाहिजेस. नसलास तर मला वर लिहावं लागेल. नोकरी जाईल तुझी."

"सकाळी राह्यतो, गुरुजी."

जंगलातली वाट लटारूच्या पायाखालची होती. पण मोहाचे दिवस लागले होते. फुलं वेचता यावीत म्हणून लोकांनी झाडांखालचा पाला पेटवला होता, आणि अर्ध्या वाटेवर ती आग पसरून आडवी आली होती. ज्वाळा गुडघ्याएवढ्याच, पण पट्टा लांब. धुरानं पुढचं दिसेना. थांबावं तर वेळ जातो, वळसा घ्यावा तर नाला उतरून पलीकडं चढायचं. त्यानं वळसा घेतला. नाल्यात घसरला, गुडघा फुटला, वर आला तेव्हा ऊन बरंच कललं होतं. मघापर्यंत तो झपाझप चालत होता. आता धावू लागला.

जंगल संपून धानाची बांधी सुरू झाली तिथं मागून घुंगरं वाजली. गुणवंतरावांची रेंगी, दोन बैलांची हलकी गाडी. शेजारच्या गावची हालहवाल घेऊन ते परत निघाले होते.

"अरे, लटारू! मत द्याले निघाला का?"

"हो, मालक."

"मंग पळतो कायले? बस रेंगीत. मीई तिकडंच जाऊन राह्यलो."

छातीचा भाता झाला होता. लटारू मागं फळीवर टेकला. बैल दौडले, वारा लागला, आणि क्षणभर त्याला वाटलं, पोचलो.

थोडं पुढं गेल्यावर गुणवंतरावांनी कासरा ओढला. बांधावर दोघं शेतकरी उभे होते. त्यांची विचारपूस झाली, कुणाच्या तरी म्हशीची चौकशी झाली. रेंगी हलली. मग तळ्याशी पुन्हा थांबली. "बैलाले पानी दाखवू जरा."

"मालक, बैल तहानलेले नाई दिसत."

"तुले बैलाचं कळते का मले?" गुणवंतराव हसले. ते रेंगीतच बसून राहिले. मग मागं न बघताच म्हणाले, "टपालाचं पाकीट घेतलं असतं, त ही पळापळ नसती झाली गा."

लटारू बैलांकडं पाहत राहिला. बैलांनी पाण्याला तोंडसुद्धा लावलं नव्हतं. मालक मुद्दाम वेळ काढत होते, की सहज, हे त्याला सांगता आलं नसतं. पण लटारूचं मत कुणाला पडतं ते दिसणार नसेल तर ते पडूच नये, असं त्यांच्या मनात असेल, तर त्यासाठी याहून सोपा उपाय नव्हता. एका गरीब माणसाला प्रेमानं रेंगीत बसवलं की झालं.

उतरावं, तर मालकाचा मान मोडला. बसावं, तर मत बुडालं.

तो उतरला. "मालक, तुमी या सावकाश," असं म्हणाला आणि सडक सोडून आडव्या बांधीतून धावत सुटला. मागून हाक आली. "लटारू! अरे ए लटारू!" त्या हाकेला आजवर त्याचे पाय थांबले नव्हते असं एकदाही झालं नव्हतं. आताही ते अडखळले. पण थांबले नाहीत.

शाळेच्या आवाराला दोर बांधला होता. आत पेट्या आणि केंद्रावरचे मास्तर, बाहेर पोलीस. पाचाच्या आत दोराच्या आत आलेल्याचं मत घ्यायचं, बाहेर राहिलेल्याचं नाही. पोलीस दोराची शेवटची गाठ मारायला वाकला होता, आणि त्याच्यापुढं रुखमाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तो पाह्य, यून राह्यला! बांधीतून यून राह्यला! तुले डोळे आहेत का फुटले?"

"बाई, टाइम झाला."

"झाला नाई! आत मास्तर घड्याळ पाहून राह्यले, ते बोलले का झाला म्हनून? मंग तू काऊन घाई करतो? तुही बायको वाट पाह्यते का?"

पोलीस हसू दाबत सरळ झाला. तेवढ्यात लटारू दोराखालून आत येऊन मातीत बसला. आतून मास्तरांचा आवाज आला, "वेळ संपली!"

यादीत नाव निघालं. पुढं खूण नव्हती. बोटाला शाई लागली, हातात कागद आला, आणि लटारू पडद्याआड गेला. या वेळी पोलिसाला खोकावं लागलं नाही. तो लवकर बाहेर आला.

बाहेर रेंगी येऊन उभी होती. गुणवंतराव खाली उतरले नाहीत. त्यांनी लटारूच्या फुटलेल्या गुडघ्याकडं पाहिलं, बोटावरच्या शाईकडं पाहिलं.

"देलं?"

"हो, मालक."

"कोनाले देलं?"

हळू बोलायचं ठरवूनही लटारूचा आवाज दवंडीचाच निघाला, सगळ्या आवाराला ऐकू गेला.

"पेटीले देलं, मालक."

कुणी हसलं नाही. गुणवंतरावांना रागवायलाही काही सापडेना. पुतण्याला दिलं नाही असं कसं म्हणावं? दिलं असंही कसं म्हणावं? बैलांना टोचणी मिळाली आणि रेंगी ओट्याकडं गेली.

रुखमाबाईनं घरून आणलेला भात आणि वरण पळसाच्या पानात बांधून त्याच्या हातात दिलं. सकाळी गाड्या निघायच्या आत कोडेपारला पोचायचं होतं, म्हणजे आत्ताच निघायला हवं होतं. ती गावाच्या शिवेपर्यंत त्याच्याबरोबर चालत आली.

"मले त सांगशीन?" तिनं विचारलं.

"तूनं कोनाले देलं?" लटारूनं उलट विचारलं.

"ते मी काऊन सांगू?"

"मंग?"

ती थोडी फुगली, थोडी हसली. "जाय. आन अस्वल भेटलं त बोलू नको. तुह्या आवाजानं मरन ते, आन फारेस्टवाले तुलेच धरतीन."

लटारू लंगडत जंगलाच्या वाटेला लागला. आगीचा पट्टा विझला होता, वाट तापलेली होती, आणि तो राखेच्या कडेकडेनं चालत होता.