एका डब्यात देवळा

चैत्रातल्या एका सकाळी सहा वाजता आम्ही नाशिक सोडले, तेव्हा गाडीत तात्या, काकू, मी, बारशाचा पाळणा आणि एक काठी एवढे सामान होते. काठीला मी सामानात धरतो, तात्या तिला गाडीचा भाग मानत.

माझे चुलते तात्या कचेरीत तीस वर्षे हेडक्लार्क होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी एक जुनी अमेरिकन मोटार घेतली. तिची पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. टाकीत किती उरले हे पाहायचे तर बसलेल्यांनी उठायचे, गादी उचलायची आणि ती काठी आत घालून वर काढायची. काठीवर तात्यांनी चाकूने खुणा केल्या होत्या. देवघरात जशी दिवसातून दोनदा पूजा होई, तशी ही काठी दर दहा मैलांनी होई.

त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात पेट्रोल वाचवण्याचे उपाय वाचले होते आणि वाचनालयातल्या मंडळींना छातीठोक सांगितले होते, "पेट्रोलच्या एका डब्यात देवळा गाठून दाखवतो." पन्नास मैल, मध्ये घाट. मंडळी हसली. तात्यांना कोणी हसले की ते जेवत नसत.

काकूंचे माहेर देवळ्याचे. भावाच्या नातवाचे बारसे होते. पण काकूंचे खरे कारण निराळे होते, आणि ते त्यांनी पंचवटीचा पूल ओलांडायच्या आत सांगून टाकले.

"माधवा, मागच्या खेपेला ह्यांनी चढ आला की मला उतरवलं. गाडीला वजन नको म्हणून. अख्खा घाट मी पायी चढले. धुळीनं माखून दारात पोचले, तर वहिनी म्हणते कशी, 'वन्सं, मोटार तुमच्यामागून येतेय का तुम्ही मोटारीमागून?' या वेळी मी माहेरच्या दारात मोटारीत बसून जाणार. उतरावं लागलं तर पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही."

तात्या म्हणाले, "बघू." तीस वर्षांच्या नोकरीत हाच शब्द त्यांनी सर्वाधिक वापरला असावा.

आग्रारोड सकाळी मोठा प्रसन्न असतो. दोन्ही बाजूंना कडुनिंब मोहरलेले, द्राक्षांचे मांडव, उन्हाळ कांद्याने भरलेल्या बैलगाड्या. हे सर्व मला फक्त पहिले पाच मैल दिसले. पुढे ओझरच्या अलीकडे मालेगावची सर्व्हिस मोटार (उतारूंची भाड्याची गाडी) आम्हांला गाठून पुढे गेली आणि तात्यांचे डोळे चमकले.

"आता गंमत बघ. वारा ती कापणार, आपण तिच्या पाठीशी राहायचं. फुकट!"

आम्ही तिच्या मागे अगदी चिकटून चाललो. वारा लागत नव्हता हे खरे, पण तिने उडवलेली सगळी धूळ आमच्या वाट्याला येत होती. काकूंनी पदर तोंडावर घेतला. मी श्वास घेणे आवश्यक तेवढेच ठेवले. पुढचे काही दिसत नसल्याने तात्या शेवाळी रंगाच्या त्या गाडीच्या मागच्या शिडीकडे नजर लावून चालवत होते. ओझरच्या बाजारातून आम्ही वेग न उतरवता गेलो, कारण तात्यांच्या मते ब्रेक लावणे म्हणजे आधी जाळलेले पेट्रोल रस्त्यावर ओतणे. मी सारखा हॉर्नचा रबरी फुगा दाबत होतो.

पिंपळगावाच्या वेशीपाशी कोणी उतारूने हात केला आणि सर्व्हिस मोटार थांबली. आम्हीही थांबलो, पण तिच्या शिडीवर. फार लागले नाही. रेडिएटरचे नाक चेपले आणि पाळण्यावरचा एक लाकडी मोर मान टाकून बसला.

ड्रायव्हर खाली उतरला. दाढी पांढरी, डोक्याला हिरवा रुमाल. आता शिव्या बसणार म्हणून मी तयारीत राहिलो, पण त्याने तात्यांकडे पाहिले, काकूंकडे पाहिले आणि म्हणाला, "सायेब, इतकं जवळ यायचं होतं तर आमच्याच गाडीत बसायचं. चला, चहा घ्या."

याचे नाव हुसेनभाई. मालेगावचा. हॉटेलात भजी गरमागरम होती आणि चहा गुळाचा. तात्यांनी त्याला आपली विद्या समजावून दिली. चढावर वजन कमी करायचे, उतारावर इंजिन बंद करायचे, गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची. हुसेनभाईने बशीतला चहा संपवला.

"सायेब, उतारावर मी इंजिन कधी बंद नाय करत. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरतो. इंजिन बंद केलं का गाडी तुमची नाय राहत, घाटाची होते. मग तुम्ही ब्रेक दाबा नाय तर कुरान-पुरान वाचा."

"पण पेट्रोल किती वाचतं!"

"वाचतं ना," हुसेनभाई म्हणाला. "वापरायला मानूस वाचला पायजे."

काकूंनी त्याला आणखी दोन भजी घ्यायला लावली. तात्यांनी निघण्याआधी काठी घातली आणि समाधानाने पुसून ठेवली.

सोग्रस फाट्याला सर्व्हिस मोटार मालेगावकडे गेली आणि आम्ही देवळ्याच्या वाटेला लागलो. इथून पुढे मुलूख बदलतो. डोंगर जवळ येतात, बोली बदलते. पुढे भावडची बारी (इकडे खिंडीला बारी म्हणतात) लागली आणि पहिल्याच चढावर इंजिनाने दोन ठसके दिले व ते गप्प झाले.

गादी उचलली. काठी घातली. पेट्रोल होते, तीन बोटे होते.

तात्यांनी कपाळावर हात मारला. घोटाळा साधा होता. पेट्रोलचेही वजन असते म्हणून त्यांनी टाकीत मोजकेच घेतले होते. गाडीने नाक वर केले की ते सगळे टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसे आणि इंजिनाकडे जाणारी नळी कोरडी पडे. जास्तीचा डबा आणला असता तर काम भागले असते, पण तो आणणे म्हणजे वाचनालयासमोर हार.

"उपाय आहे," तात्या म्हणाले. "उलटे चढू. नाक खाली, शेपूट वर. पेट्रोल आपोआप पुढे येईल. फक्त तुम्ही दोघं उतरा."

मी उतरलो. माझे वजन हा आमच्या घरात नेहमीच चर्चेचा विषय असतो. काकू हलल्या नाहीत.

"अगं, उतर."

"नाही."

तात्यांनी "बघू" म्हटले आणि रिव्हर्स टाकला. अशा रीतीने आम्ही बारी चढलो. गाडी उलटी, तात्या मान मोडून मागे बघताहेत, मी हातात धोंडा घेऊन चालतो आहे (गाडी घसरू लागली की चाकाखाली द्यायला), आणि काकू ताठ बसून नाशिकच्या दिशेने पाहताहेत. मेंढ्या घेऊन उतरणारा एक म्हातारा वाटेत थबकला.

"मावशी, माहेरले जाई रायनी का माहेरथून?" (माहेरी चाललीस की माहेराहून?)

"जाते आहे रे बाबा," काकू म्हणाल्या, "तोंड फिरवून."

माथ्यावर गाडी सरळ केली आणि मी आत बसलो. खाली देवळ्याचा सगळा मुलूख पसरला होता, कांद्याची शेते, मध्ये नदीची कोरडी पांढरी रेघ. तात्यांचा हात इंजिनाच्या बटणाकडे गेला.

"अहो, चालू राहू द्या. तो हुसेनभाई काय म्हणाला?"

"काठी दीड बोटावर आलीय," तात्या म्हणाले, आणि त्यांनी इंजिन बंद केले.

प्रामाणिकपणे सांगतो, पहिले दोन फर्लांग स्वर्ग होता. आवाज नाही, धूर नाही, चाकांखाली खडी तेवढी कुरकुरते, आणि कुठेतरी होला पक्षी घुमतो आहे. पेट्रोल वाचवण्याच्या शास्त्राबद्दल माझ्या मनात प्रथमच आदर उत्पन्न झाला. मग पहिले वळण आले. तात्यांनी ब्रेक दाबला. दुसऱ्या वळणाला दोन्ही पायांनी दाबला. तिसऱ्याच्या आधी जळक्या कातड्याचा वास आला, आणि हातब्रेकचा दांडा ओढला तो मऊपणे मागे येऊन तात्यांच्या मांडीवर विसावला. गिअर घालू गेले तर त्याने नुसते दात खाल्ले.

वळणापलीकडे कांद्याची बैलगाडी होती. गाडीवानाने बैल डोंगराच्या अंगाला दाबले. आमचे चाक दरीच्या कडेवरून गेले. मी खाली पाहिले आणि लगेच पाहणे सोडून दिले. काकूंनी माझे मनगट धरले होते. त्यांच्या पाच नखांच्या खुणा मी पुढे आठवडाभर बाळगल्या. तात्यांनी स्टिअरिंगचे चक्र दोन्ही हातांनी आवळले होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि एवढे भ्यालेले तात्या मी त्याआधी पाहिले नव्हते.

शेवटी रस्ता सपाट झाला. वेग उतरू लागला. आम्ही तिघांनीही एकदम श्वास सोडला.

"आता तरी इंजिन लावा," काकू म्हणाल्या.

पण भीती गेली आणि तात्या परत आले. "आता कशाला? याच वेगात गाव येतंय. पुढे पुन्हा उतारच आहे."

उतार होता, हे अगदी बरोबर. तो गावातून नदीपर्यंत जात होता.

काकूंच्या भावाचे घर रस्त्यावरच. दारात सारी मंडळी उभी. मधोमध काकूंच्या वहिनी, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा. काकूंनी पदर सारखा केला, हसू तोंडावर आणले, मान किंचित उंच केली. आणि मोटार त्या दारावरून, आवाज न करता, निघून गेली.

"अहो, घर!"

"दिसलं!" तात्या ओरडले.

वहिनींनी प्रसंगावधान राखून भाकरतुकडा भिरकावला. तो माझ्या कानाला लागला. मी हॉर्न दाबत होतो, कोंबड्या उडत होत्या, आणि आम्ही नदीच्या वाळूत अर्धी चाके रुतेपर्यंत जाऊन थांबलो.

कोणाला खरचटलेही नव्हते. तात्या खाली उतरले आणि उगाच चाकांभोवती फिरून आले.

"दोनच फर्लांगांवर घर आहे. चालत जाऊ," ते म्हणाले.

काकू गाडीत बसून होत्या. रडत नव्हत्या, पण ओठ दाबून धरले होते. "मी उतरणार नाही."

माणसे जमली. कोणी हसले, कोणी गाडीखाली डोकावले. एवढ्यात मोट हाकून परतणारा एक शेतकरी पुढे झाला. त्याने आधी काकूंकडे नीट पाहिले.

"ही आमना गावनी लेक शे," तो लोकांना म्हणाला. "पायी कशी जाई? बैल आना." (ही आमच्या गावची लेक आहे. पायी कशी जाईल? बैल आणा.)

बैल मागच्या बाजूला जुंपले, कारण वाळूतून गाडी तशीच निघत होती. तात्या चक्र धरून बसले. मी ढकलत होतो. पुढे बैल, मागे निम्मे गाव, आणि मध्ये मोटारीत काकू. दार आले. काकूंचे तोंड नदीकडे, पाठ घराकडे होती, पण त्या बसलेल्या होत्या. वहिनी वळसा घालून समोर आल्या. हातात नवा भाकरतुकडा होता. काही टोमणा येणार म्हणून मी कान टवकारले. वहिनींनी भाकरतुकडा ओवाळला.

"रस्त्यानं गाडी तशी जाताना बघितली, वन्सं, आणि मी देवाला नारळ बोलून टाकला," त्या म्हणाल्या. "या. बसूनच आलात. आता उतरा."

मग काकू उतरल्या, आणि दोघी दारातच रडल्या. तात्या मला हळूच म्हणाले, "शेवटचे दोन फर्लांग थेंबसुद्धा लागला नाही." पण त्या वाक्यात जीव नव्हता.

बारसे छान झाले. मान टाकलेला मोर सुतळीने बांधला. मांडे आणि आमरस एवढा झाला की माझ्या वजनाबद्दल कोणी बोलू नये. दोन दिवस लोहाराच्या भात्यापाशी बसून तात्यांनी ब्रेक दुरुस्त करून घेतले.

परतताना बारीच्या पायथ्याशी मी सवयीने दार उघडले.

"बस रे," तात्या म्हणाले. "टाकी भरलीय."

माथा आला. काकू आणि मी, दोघेही त्या बटणाकडे पाहत होतो. तात्यांनी गिअर बदलला नाही. इंजिन गुरगुरत राहिले आणि गाडी नव्या सुनेसारखी हळू उतरू लागली. पाव घाट उतरल्यावर काकू म्हणाल्या, "इंजिन चालू आहे वाटतं?"

"मोटार आहे," तात्या पुढे बघत म्हणाले. "चालूच असायची."

काकू बाहेर पाहू लागल्या. नाशिकपर्यंत एकदाही गादी उचलली गेली नाही, आणि पन्नास मैलांत किती पेट्रोल लागले ते आजतागायत कोणाला माहीत नाही. वाचनालयात तात्या पुढे महिनाभर गेले नाहीत.

प्रवासात माणूस काय शिकतो, असे लोक विचारतात. मी चढावर चाकाखाली धोंडा कसा द्यावा ते शिकलो. तात्या काय शिकले ते त्यांनी सांगितले नाही. पण आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो, तर गच्चीवर काकूंच्या कुरडया वाळत होत्या, आणि काकू सावलीत बसून कावळे हाकत होत्या. हातात ती काठी होती. चाकूच्या खुणांसकट.