उजेड दिसला तर समुद्र बंद

भाट्याच्या समुद्रात थंडीसाठी रबरी वेटसूट घालायची गरज नसते. मला तो लागायचा बाबांच्या अटीसाठी. मानेपासून घोट्यापर्यंत अंग झाकलेलं असेल तरच सर्फिंग शिकायचं, असं ठरलं होतं. सूट जुना घेतला होता, कुणीतरी आधी भरपूर वापरलेला. गुडघ्यांवर आणि बसायच्या जागी तो बोर्डला घासून घासून विरला होता.

अट बाबांची, पण तपासणी आत्याची. आत्या बाबांची मोठी बहीण, आमच्याच घरी राहते. दर शनिवारी संध्याकाळी ती मागच्या पडवीत सुटाच्या पायात हात घालायची आणि तो बाहेरच्या उजेडासमोर धरायची. हंडा गळतो का ते पाहावं तशी फिरवून फिरवून बघायची.

"उजेड दिसला तर समुद्र बंद," ती म्हणायची. बाबा मान डोलवायचे.

म्हणून मी दुरुस्ती शिकले. सूट गोड्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. फाटलेल्या दोन्ही कडांना काळा गोंद अगदी पातळ लावायचा आणि बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं. मग दुसरा हात द्यायचा, पुन्हा थांबायचं, आणि मगच कडा एकमेकींवर दाबायच्या. घाई केली की जोड सुटतो. वर ठिगळ लावून आतल्या कापडातून टाके घालायचे, पण सुई रबराच्या आरपार जाऊ द्यायची नाही. गेली तर प्रत्येक टाका म्हणजे एक नवं भोक. हे काम मला आवडायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही.

जानेवारीत आमचे सर्फिंगचे सर म्हणाले, "या रविवारी तुला आत नेतो, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे." तोवर मी कमरेएवढ्या पाण्यातच होते. त्या आठवड्यात मी बसायच्या जागेचं मोठं ठिगळ पूर्ण केलं.

शनिवारी पडवीत शेजारच्या काकूही होत्या. आत्याने सूट उजेडासमोर धरला. काही दिसलं नाही. पाय बदलला. तरीही नाही.

"शाळा इंग्लिश, पण हात शिंप्याचा हो," काकू म्हणाल्या.

"थांबा," आत्या म्हणाली. तिने ठिगळाशेजारचा भाग दोन्ही हातांनी ताणला. तिथे रबर पातळ होतं, मला माहीत होतं. तिने त्यावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि दाबलं. माझ्याकडे बघत दाबलं. टच्‌ असा बारीक आवाज झाला. मग भोकातून तिचं बोट बाहेर आलं आणि तिने ते हलवून दाखवलं.

"दिसला गो उजेड. आणि जागा तरी बघा कुठली! गाव जमला असता उद्या भाट्यावर."

काकू तोंडाला पदर लावून हसल्या.

मला म्हणायचं होतं की तूच फाडलंस. पण राग आला की माझ्या तोंडात इंग्रजी वाक्यं येतात, आणि ती या घरात बोलून उपयोग नसतो.

"काय गो, रडायचंय ते पण इंग्लिशमध्ये काय?" आत्या म्हणाली. "मी नाही हो फाडलं. विरलेलंच होतं."

बाबा आत पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ठरलं होतं ना आपलं?"

रविवारी गेले नाही. त्या आठवड्यात ते भोकही बुजवलं, आणि आसपासचा सगळा पातळ भाग आतून नवं ठिगळ लावून जाड केला. या वेळी सूट आत्याकडे न देता सरळ बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो ताणून पाहिला, उजेडासमोर धरला.

"छान चिकटवलंयस. पक्कं काम आहे," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी सरांना लगेच मेसेज केला: उद्या येते.

सकाळी दोरीवर सूट नव्हता. बाबाही नव्हते. आई चहा गाळत होती.

"पालीला, आंब्याच्या बागेत गेलेत," ती म्हणाली. "वानरांनी उच्छाद मांडलाय. राखणदार कधीपासून बुजगावण्यासाठी काहीतरी दणकट मागत होता." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कपड्याचं टिकत नाही ना."

मे महिन्यात आंबे काढायला सगळे पालीला गेलो. कलमांच्या मधोमध तो उभा होता, डोक्याच्या जागी मडकं, हात पसरलेले. उन्हाने खांद्यावरचं रबर तडकलं होतं. माझी ठिगळं मात्र जशीच्या तशी होती.

आत्या त्याच्या मागे गेली आणि बसायच्या जागेवर थाप मारली.

"बघ गो," ती हसत म्हणाली, "आता नाही दिसत उजेड."

सगळे हसले. बाबाही. आत पेंढा गच्च भरलेला होता. मी टोपली उचलली आणि पुढच्या कलमाकडे गेले.