सरांनी सांगितलेला मजकूर

सरांना आमटी वाढली तरी बोलणं मोर्च्यावर यायचं. आमटी पातळ झाली, की कोठडीतलं वरण याहून पातळ होतं म्हणायचे. कॉलेजात असताना मोर्च्यात पकडले गेले आणि एक रात्र कोठडीत काढली, एवढीच हकिगत. मी ठाण्यात नौपाड्याला त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा ती एकच रात्र होती. पाहुणे येत गेले तसा तिचा आठवडा झाला.

सर आता नाहीत. माझी शाळा चौथीत सुटलेली. त्यांची नजर अधू झाल्यावर ते रोज मला पेपर वाचायला लावायचे, पत्रं लिहायला बसवायचे. मी अडखळले की म्हणायचे, "लाजू नकोस, छापणाऱ्यानेही चुका केल्यात." आज हे लिहिते आहे ते त्यांच्यामुळेच.

स्वतःच्या वडिलांची ते फार टिंगल करायचे. वडील जुने सत्याग्रही. त्यांनी सरांना ऐकवलं होतं, आमचा सत्याग्रह होता, तुमचा धुडगूस आहे.

सरांची नात मुग्धा शिकायला त्यांच्याकडेच राहायची. परीक्षेची फी वाढली म्हणून ती कल्याणच्या आपल्या कॉलेजच्या फाटकात जाऊन बसली. पहिल्या दिवशी सरांनी सोसायटीभर सांगितलं, शेवटी रक्त माझंच. तिसऱ्या दिवशी नोटीस आली: पालकांनी माफी लिहून दिली नाही तर हॉल तिकीट मिळणार नाही. मग रक्ताचं नाव निघेना. "आमचं आंदोलन होतं," सर तिला म्हणाले, "तुमचं हे मोबाइलवरचं नाटक आहे." माफी मागणार नाही, असं सांगून मुग्धा पुन्हा फाटकात बसायला गेली.

ती गेल्यावर सरांनी मला कागद घ्यायला सांगितला. किराण्याची यादी सांगताना हा माणूस दहादा थांबायचा. माफीनामा मात्र सलग सांगितला. 'अजाणतेपणी', 'वाईट संगतीमुळे', 'पुन्हा असे घडणार नाही', कुठे अडणं नाही. मी मान वर न करता विचारलं, "सर, हे पाठ आहे का तुम्हाला?"

सर म्हणाले, "वडिलांनी सांगितला, मी लिहिला. म्हणून सुटलो. मुग्धाला बोलू नकोस."

सही केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन कागद देऊन आले.

हॉल तिकीट घेऊन मुग्धा घरी आली ती बॅग भरायलाच. ऑफिसात तिला तो कागद दाखवला होता. "अक्षर तुझं आहे ना, मावशी?" मी हो म्हणाले. "आबा स्वतः कधी वाकले नाहीत. मला मात्र वाकवलं." मी पोळी लाटत राहिले. सर दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं, आता पेपर वाचायला सांगतील.

"मीही लिहून दिलं होतं," ते म्हणाले.

बॅगेची चेन ओढता ओढता मुग्धा थांबली. तेवढ्यावर गप्प बसले तर ते सर कसले. लगेच म्हणाले, "पण आमच्या मागण्या रास्त होत्या."

"आमच्याही आहेत, आबा."

सर वाद न घालता दारातून बाजूला झाले. अकरा वर्षांत मी ते पहिल्यांदाच पाहिलं.