सुरयीच्या अंड्यांवर छत्री

आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाही, पण किनारा आहे. मे महिन्यात नांदगाव खंडेश्वरकडच्या एका तलावाचं पाणी मागं सरतं आणि भेगाळलेल्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. तिथं सुरय अंडी घालते. काळ्या टोपीची, पिवळ्या चोचीची ही पांढरी पाखरं समुद्रावरच्या पाखरांचीच भाऊबंद. ऊन वाढलं की सुरय पाण्यात पोट भिजवून येते आणि अंड्यांना गारवा द्यायला तशीच वर बसते. मला त्या ओल्या पोटाचा फोटो हवा होता. कित्येक उन्हाळे मी हात धुऊन त्याच्या मागे लागले होते.

पण आमचं ऊन म्हणजे फोटोवाल्यांचा वैरी! सकाळ जराशी वर आली की जमिनीतून झळा उठतात आणि लेन्समधून बघावं तर पाखरू नुसतं थरथरतं. कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा टाका, कोपरांखाली पोतं घ्या, काही करा, घरी येऊन पाहिलं की फोटोत पांढरा डाग. जवळ जाणं हाच उपाय. आणि जवळ गेलं की सुरय उठते, अंडी उघड्यावर पडतात, अन् तापल्या गाळावर ती भाजायला कितीसा वेळ लागतो?

त्या दिवशी नवऱ्याला वाटेत उसाचा रस प्यायचा होता. झालं, थंड वेळ गेला. मी तणतणतच गाळावर आडवी झाले. लेन्समध्ये झळाच झळा. म्हणून थोडी पुढं सरपटले. मग आणखी थोडी.

सुरय उठली.

मी निपचित पडून राहिले. वाटलं, आता पोट भिजवून येईल. कसलं काय! ती डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडत राहिली. अंडी उन्हात. तेवढ्यात मागून नवरा आला तो छत्री उघडून, मला ओलांडून सरळ अंड्यांकडे.

"अहो, कुठं चालले तुमी?"

"सावली करतो ना. अंडे भाजून राहिले बिचारे!"

काय बाप्पा माणूस! उन्हात उभी गाय दिसली तरी हा तिला झाडाखाली हाकलत नेतो. त्याची ती काळी छत्री बघून सुरय आणखीच लांब गेली.

"अवो, ती आपल्यालेच भेऊन राहिली! तुमाले अन् मले! चला, पळा इथून!"

पोतं, दुपट्टा, कॅमेरा कवटाळून आम्ही पळालो ते थेट बांधावरच्या बाभळीखाली. मला वळून बघायची हिंमत होईना. गेली अंडी, माझ्यापायी गेली, असंच वाटत होतं. शेवटी लेन्स डोळ्याला लावली.

सुरय पाण्यावर उतरली. पोट भिजवलं, पुन्हा भिजवलं. मग गाळावर येऊन अंड्यांपाशी नुसती उभी राहिली. मी बटण दाबत होते, पण डोळे भरून आले होते आणि पुढं सगळं थरथरत होतं.

"आला का फोटो?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

"मंग रडून काहून राहिली वं?"

"बसली ना ती, अहो. बसली!"